पहाटेचा ड्रेनेजचा वास, काळी पडणारी चांदी आणि भुसभुशीत झालेलं चेंबर, तिन्हीचं कारण एकच का?

गॅलरीतली_तुळस
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीच्या गेटसमोर मेन ड्रेनेजचं मोठं चेंबर आहे. दीड-दोन किलोमीटरवरच्या पंपिंग स्टेशनातून मैलापाणी दाबाने येऊन त्यात वरून पडतं आणि पुढे उताराने जातं. रोज पहाटे साडेपाच ते सात असा सडक्या अंड्यांचा वास येतो की खिडकी उघडायची सोय नाही, दुपारी बराच कमी असतो. देवातली चांदीची निरांजनं रांगोळीने लख्ख घासली तरी आठ दिवसात परत निळसर काळी, आणि दोन वर्षात एसीची कॉईल दोनदा लीक झाली. मागच्या महिन्यात चेंबरची फ्रेम एका बाजूने खचली तेव्हा झाकण काढलं होतं, आतली भिंत ओल्या खडूसारखी पांढरी झालीये आणि उतरायच्या लोखंडी पायऱ्या गंजून काडीएवढ्या राहिल्यात. तक्रार केली तर झाकण सिमेंटने बंद करून गेले, आता तोच वास तळमजल्याच्या बाथरूममधून येतो!! काँट्रॅक्टर म्हणतो सल्फेट रेझिस्टिंग सिमेंटचं प्लास्टर करून देतो. आणि प्लंबरचा मुलगा म्हणतो कमरेला दोर बांधून आत उतरून बघतो. काय करावं?

ड्रेनेजवाला_काका
ताई, आधी त्या पोराला थांबवा, बाकीचं नंतर वाचा. हा सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड गॅस, हवेपेक्षा जड, खाली साचतो. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच काम करेनासं होतं, माणसाला वाटतं वास गेला म्हणजे गॅस गेला, आणि ५००-७०० च्या पुढे माणूस तिथेच कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. ३० वर्षं ह्याच कामात काढली, असे प्रसंग जवळून बघितलेत. कंदील किंवा पेटता कागद सोडून बघण्यातही अर्थ नाही, त्याने हा गॅस कळत नाही आणि मिथेन असला तर भडका उडतो. २०१३ च्या कायद्याने असं विनासाधन उतरवणं गुन्हा आहे आणि २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, पण गेलेलं पोर त्याने परत येत नाही.

आता तुमचा प्रश्न. हो, तिन्हीचं कारण एकच, चांदीही ह्याच गॅसने काळी पडते. पंपिंगची लाईन पूर्ण भरलेली असते, आत हवा नाही, पाईपच्या आतून बुळबुळीत थर बसलेला असतो त्यातले जंतू पाण्यातल्या सल्फेटचा सल्फाइड करतात. रात्री पाणी कमी, पंप कमी चालतात, मैला तासन्‌तास पाईपात कुजत पडतो आणि पहाटे लोक उठून नळ सोडले की पंप सुरू होऊन रात्रभराचा शिळा माल तुमच्या दारात येतो, म्हणून साडेपाच ते सात. त्यात उंचावरून पडतो, जेवढा घुसळला जातो तेवढा गॅस सुटतो. तो वरच्या ओल्या भिंतीवर चढतो, तिथे दुसऱ्या जातीचे जंतू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि ॲसिड सिमेंटचं जिप्सम करतं, तोच तुमचा ओला खडू. म्हणून पाण्याच्या रेषेखाली काँक्रीट शाबूत आणि वरचा भाग खाल्लेला असं दिसतं.

झाकण बंद केलं की गॅस जिथे वाट मिळेल तिथे जाणार, म्हणजे ज्या बाथरूमच्या ट्रॅपमधलं (वास अडवायला पाईपच्या वळणात साठतं ते) पाणी सुकलंय तिथे. जुन्या मुंबईत रस्त्याकडेला उंच बिडाचे व्हेंट पाईप लावायचे ते उगाच नाही. आणि काँट्रॅक्टरला सांगा, सल्फेट रेझिस्टिंग सिमेंट सल्फेटला टिकतं, ॲसिडला नाही, वर्ष-दोन वर्षात पैसे पाण्यात. करायचंच तर एचडीपीईचं (जाड प्लास्टिकचं) लायनिंग किंवा कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट सिमेंट, पण ते सुद्धा जखमेवरची पट्टी. खरं औषध पंपिंग स्टेशनला द्यायचं असतं.

कॉइलवाला_मन्या
एसीचं मी सांगतो, मी रिपेरिंग करतो. ह्या गॅसने तांबं काळं पडतं, पातळ पाईप बाहेरून खाल्ला जाऊन सुईएवढी भोकं पडतात. नुसता गॅस भरून घेऊ नका, परत जाणार. आणि स्विचबोर्ड उघडून तांब्याच्या वायरची टोकं बघा, काळी असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, लूज काँटॅक्ट होऊन गरम होतात.

ब्रिस्बेनकर
काकांनी मुद्द्याचं सांगितलंय, इकडची एक गोष्ट जोडतो. १९४५ ला मेलबर्नच्या गटारात पार्कर नावाच्या संशोधकाने हे ॲसिड करणारे जंतू ओळखले आणि त्यांना नावच काँक्रीट खाणारा अशा अर्थाचं दिलं. आणि आमच्या क्वीन्सलँडमधल्या अभ्यासात, २०१४ ला 'सायन्स'मधे आला होता, असं निघालं की मैलापाण्यातला निम्म्याच्या आसपास सल्फेट पिण्याचं पाणी शुद्ध करताना घातलेल्या तुरटीतून येतो! म्हणजे आपण घरी पाण्यात फिरवायचो त्या तुरटीचीच बहीण, ॲल्युमिनियम सल्फेट. तुमच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी वापरतात की पॅक (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड), हे जरूर विचारा, पॅक क्लोराइडचं असतं, त्यातून सल्फेट येत नाही.

पंपिंग स्टेशनला इकडे कॅल्शियम नायट्रेट सोडतात, मग जंतू सल्फेट सोडून नायट्रेटच्या मागे लागतात. किंवा लोखंडाचे क्षार घालतात म्हणजे सल्फाइड काळा गाळ होऊन बसतो, किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने पीएच वाढवतात. पीएच ७ ला निम्मा सल्फाइड गॅस होऊ शकतो, ८ ला फक्त दहावा हिस्सा.

गॅलरीतली_तुळस
काका, तुमचं सगळं प्रिंट करून ज्युनिअर इंजिनिअरना दिलं. पोराला उतरू दिलं नाही, त्याच्या आईला पण फोन केला. काल ते गॅस मीटर घेऊन आले, लांब बांबूच्या टोकाला पीएच पट्टी लावून वरच्या भिंतीला टेकवली तर लालभडक, दीडच्या आसपास!! नव्या काँक्रीटचा १२ च्या वर असतो म्हणाले. पाण्याखाली बांबू आपटला तर ठक्क वाजला, वर भस्सकन रुतला. आता ते विचारतायत नायट्रेट किती सोडायचं?

ड्रेनेजवाला_काका
अंदाजाने नको. आधी चेंबरमधे वरूनच गॅस लॉगर (गॅसची नोंद ठेवणारं यंत्र) टांगून सात दिवस ठेवा म्हणावं, रविवार धरून. पाण्यातला सल्फाइड वेगळा मोजा, डोस त्यावरून निघतो, आणि रात्रीचा वेगळा ठेवायला लागेल. पडणारा पाईप एल्बो लावून पाण्याच्या पातळीखाली आणायला सांगा, ते काम औषधाच्या आधी होऊ शकतं आणि स्वस्त आहे. आणि ती सिमेंटने बुजवलेली फट उघडून कार्बन फिल्टर लावलेला व्हेंट मागा, तळमजल्याची माणसं रोज त्या बाथरूममधे जातायत.