मदत हवी आहे : तीन वेगवेगळ्या दीर्घकालीन अभ्यासांतील तंबाखूची आणि अंगमेहनतीची माहिती एकत्र कशी आणावी?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला राहते आणि सामाजिक आरोग्य या विषयात संशोधन करते. महाराष्ट्रातील पन्नाशी ओलांडलेल्या लोकांच्या तंबाखूच्या सवयीत आणि अंगमेहनतीत 2007 नंतरच्या दहा वर्षांत काय फरक पडला, हा माझा प्रश्न आहे. एकाच अभ्यासातून त्याचे उत्तर मिळत नाही, म्हणून तीन अभ्यासांचा डेटा जोडायला घेतला आणि गेले दोन महिने मी तिथेच अडले आहे. येथे संख्याशास्त्र आणि सर्वेक्षणाचे काम जाणणारी मंडळी आहेत, म्हणून अडचण सविस्तर मांडते.

पहिला अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेचा ‘सेज’. त्यात भारतातील सहा राज्ये आहेत व महाराष्ट्र त्यांपैकी एक आहे. भर पन्नाशीपुढच्या लोकांवर असून मी 2007-08 आणि 2015 या दोन फेऱ्या घेतल्या आहेत. दुसरा भारतीय मानव विकास सर्वेक्षण. त्यात कुटुंब हा घटक असून 2004-05 मध्ये भेटलेल्या बहुतेक कुटुंबांना 2011-12 मध्ये पुन्हा गाठले गेले. यातली 2011-12 ची फेरी मी वापरते आहे. तिसरा ‘लासी’, म्हणजे वार्धक्याचा देशव्यापी अभ्यास. त्याच्या 2017-18 च्या पहिल्या फेरीत 45 वर्षांवरील लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून अधिक जण आहेत.

कागदावर तिन्हींत ‘तंबाखू’ नावाचा रकाना आहे, पण त्या रकान्यांत एकच गोष्ट भरलेली नाही. ‘सेज’मध्ये ओढण्याचा, चघळण्याचा आणि हुंगण्याचा तंबाखू मिळून एकच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर ‘रोज’, ‘रोज नाही’ किंवा ‘अजिबात नाही’ असे येते. मानव विकास सर्वेक्षणात ओढणे आणि चघळणे वेगळे विचारले आहे, पर्याय ‘कधीच नाही’पासून ‘रोज’पर्यंत चार आहेत, आणि मुख्य म्हणजे घरातली एक व्यक्ती सगळ्यांच्या वतीने सांगते. सासऱ्यांच्या बिडीबद्दल सून काय सांगेल आणि सासरे स्वतः काय सांगतील, यात अंतर पडणारच.

शब्दांची अडचण तर त्याहून खोल आहे. गेल्या ऑक्टोबरात दिंडोरी तालुक्यात मी ‘सेज’ची आणि ‘लासी’ची प्रश्नावली काही जणांना विचारून पाहत होते. एका आजींनी तंबाखूच्या प्रश्नाला ठामपणे “न्हाई बाई” म्हटले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळताना त्यांच्या हाताशी असलेली डबी मला दिसली. विचारल्यावर म्हणाल्या, “ही मशेरी हाय, दाताला लावते.” तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखूच तो, पण त्यांच्या लेखी ते दंतमंजन. मशेरीचे नाव घेतले तर ‘हो’, न घेतले तर ‘नाही’, आणि अशा बायका महाराष्ट्रात थोड्या नाहीत.

अंगमेहनतीचेही तसेच. ‘सेज’ नेहमीच्या आठवड्यातील दिवस आणि मिनिटे विचारतो, आणि कामावरचे श्रम, जाण्यायेण्यातले श्रम व फावल्या वेळेतले श्रम वेगळे धरतो. ‘लासी’ मात्र जोरकस कामे रोज, आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा की महिन्यातून एक ते तीन वेळा, असे विचारतो. पेठहून द्राक्षबागेत मजुरीला आलेल्या एका काकांनी मलाच उलट विचारले, “कोणता आठवडा सांगू? गोडी छाटणीचा, का आमच्याकडच्या भाताच्या आवणीचा, का बसून असतो तेव्हाचा?” त्यांना ‘नेहमीचा आठवडा’ असा नाहीच. मुलाखत कोणत्या महिन्यात झाली यावर उत्तर फिरते, आणि तिन्ही अभ्यासांतले लोक वर्षाच्या एकाच वेळी भेटलेले नाहीत.

खरी गाठ यापुढे आहे. अभ्यास आणि वर्ष एकमेकांना चिकटलेले आहेत, म्हणजे एका वर्षाची माहिती एकाच अभ्यासातून येते. जुलै 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली. मानव विकास सर्वेक्षणाची फेरी बहुतांशी तिच्या आधीची आणि ‘सेज’ची 2015 ची फेरी तिच्या नंतरची. आकडा खाली गेला तर तो बंदीमुळे, प्रश्न बदलल्यामुळे, की सांगणारी व्यक्ती बदलल्यामुळे, हे मला वेगळे काढता येत नाही.

सगळे ‘हो’ आणि ‘नाही’वर आणून जोडणे सोपे आहे, पण त्यात रोज दहा बिड्या ओढणारा आणि सणासुदीला पान खाणारा एकाच खणात पडतो. सुप्त घटकाचे प्रतिमान (म्हणजे अनेक उत्तरांमागची थेट न दिसणारी एक सवय मोजणारे गणिती मॉडेल) वापरायचे तर तिन्हींत समान अर्थाचे काही प्रश्न लागतात, आणि वरची मशेरी पाहता असा प्रश्न आहे असे छातीठोकपणे म्हणवत नाही. तिसरा विचार असा, की नाशिक जिल्ह्यात दोन-तीनशे लोकांना ‘सेज’ आणि ‘लासी’ या दोन्ही प्रश्नावल्या विचारून पूल बांधावा, म्हणजे एकीतले उत्तर दुसरीत कसे येते ते कळेल. मात्र येथे बांधलेला पूल विदर्भातील किंवा कोकणातील उत्तरांना लागू पडेल का? आणि जो पूल आज बांधायचा, तो 2015 च्या उत्तरांसाठी चालेल का? ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपण अडचण नेमकी पकडली आहे. माझे मत असे, की तिन्ही अभ्यास एका पातळीवर आणण्याचा हट्ट सोडावा आणि ‘सेज’च्या दोन फेऱ्यांना कणा मानावे. त्यात बऱ्याच व्यक्ती पुन्हा भेटल्या आहेत आणि तंबाखूचा प्रश्न तोच आहे. मशेरी लपवणारी बाई दोन्ही वेळी लपवेल, त्यामुळे त्याच व्यक्तीतील फरक काढताना ती चूक बरीचशी गळून पडते. मात्र मधल्या काळात दगावलेल्यांकडे दुर्लक्ष करू नका. तंबाखू खाणारे लवकर जातात, म्हणून उरलेल्यांत प्रमाण आपोआप घटलेले दिसते आणि ती घट सवय सुटल्याची समजली जाते.

अभ्यास आणि वर्ष वेगळे करण्यासाठी एक तपासणी सुचवतो. 1950 ते 1960 दरम्यान जन्मलेले लोक ‘सेज’च्या 2015 च्या फेरीतही आहेत आणि ‘लासी’तही आहेत. ‘आयुष्यात कधी तंबाखू वापरला का’ याचे उत्तर या पिढीत दोन-तीन वर्षांत फारसे बदलायला नको, कारण पंचावन्नाव्या वर्षी नव्याने सुरुवात करणारे विरळा. तरीही आकड्यांत अंतर दिसले, तर ते मुख्यतः प्रश्नाचे आणि नमुन्याचे आहे असे धरता येईल. स्त्री-पुरुष वेगळे करून पाहा. मशेरीचा परिणाम बायकांत उघडा पडेल.

पुलाचा विचार सोडू नका, पण दोन्ही प्रश्नावल्या एकाच बैठकीत विचारू नका. आठवड्याचे अंतर ठेवा आणि कोणती आधी हे चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर दुसरे उत्तर पहिल्याशी जुळवून दिले जाते. मिळालेल्या नात्यावरून ‘सेज’मधील व्यक्तीने ‘लासी’च्या प्रश्नाला काय सांगितले असते, ते गहाळ माहितीप्रमाणे अनेक वेळा, दर वेळी थोड्या वेगळ्या अंदाजाने, भरून काढा, म्हणजे पुलाची अनिश्चितता अंतिम उत्तरात उतरेल. तिन्ही अभ्यासांचे वेट, म्हणजे प्रत्येक व्यक्ती लोकसंख्येतील किती जणांच्या वतीने धरायची तो भार, जसेच्या तसे एकत्र करू नका.

धागाकर्ती :

मनःपूर्वक आभार. जन्मवर्षांची तपासणी उद्याच सुरू करते, आणि मुलाखतीचा महिना अंगमेहनतीच्या प्रतिमानात घालते. पुलासाठी निम्मे लोक छाटणीच्या दिवसांत आणि निम्मे बागा रिकाम्या असताना गाठावेत, असे आता वाटते. एक शंका राहते : मानव विकास सर्वेक्षणात सुनेने सासऱ्यांबद्दल दिलेले उत्तर तपासायचे, तर पुलाच्या घरांत दोघांनाही वेगवेगळे बसवून विचारावे लागेल. आमच्याकडच्या दोन खोल्यांच्या घरांत ते कसे जमवावे, याचा कोणाला अनुभव असल्यास जरूर लिहावे.