डच राजघराण्यात प्रत्येकाचा झेंडा वेगळा का असतो?

कुतूहल_म्हणे
नेदरलँड्सच्या राजघराण्याचे फोटो बघत होतो तर राजाच्या गाडीवर चौकोनी केशरी झेंडा, त्यावर निळा क्रॉस आणि मधे सिंहवाली ढाल. राजकन्येचा झेंडा पण केशरी-निळाच, पण त्याला शेवटी दोन टोकं, भगव्याला असतात तशी. चित्रंही वेगळी. घराणं एकच ना, मग एवढे प्रकार कशाला? आणि ते कोपऱ्यातलं शिंग कसलं आहे, डच लोकांचा आणि शिंगाचा काय संबंध? अजून एक, राजाच्या वाढदिवसाला तिथे साध्या लाल-पांढऱ्या-निळ्या झेंड्याच्या वर एक लांबलचक केशरी पट्टी लावतात, तो पण पर्सनल झेंडाच का?

ढाल_तलवार
आधी राजाचा घेऊ, तो समजला की बाकीचे पटकन कळतात. हे निशाण 1908 पासूनचं, राणी विल्हेल्मिनाच्या काळातलं. केशरी कापड, नासाऊ घराण्याचा (म्हणजे डच राजघराण्याचाच) निळा क्रॉस, क्रॉसमुळे जे चार खण पडतात त्या प्रत्येकात एक शिंग, आणि मधोमध मुकुट घातलेली ढाल. त्या ढालीभोवती जे पदक दिसतं ते मिलिटरी विलेम ऑर्डरच्या ग्रँड क्रॉसचं, ही शौर्यासाठीची ऑर्डर 1815 ला सुरू झाली आणि राजा स्वतः तिचा ग्रँड मास्टर असतो.

ढालीवरचा सिंह नीट झूम करून बघ. एका पंजात तलवार, दुसऱ्यात सात बाणांची जुडी. सिंह नासाऊ घराण्याचा, पण तलवार आणि बाण जुन्या डच रिपब्लिकचे, सात बाण म्हणजे सात प्रांत. म्हणजे जिथे राजाच नव्हता त्या राज्याची खूण आज राजा मिरवतोय, मला हे फार भारी वाटतं :)

आता बाकीचे. केशरी-निळं सगळ्यांना कॉमन. प्रिन्सच्या झेंड्याची कड सरळ, प्रिन्सेसच्या झेंड्याला दोन टोकं. आणि शिंग चारी खणात नाही, दांड्याकडच्या एका खणात शिंग आणि दुसऱ्यात त्या व्यक्तीच्या आई किंवा वडिलांच्या घराण्याची खूण, म्हणजे जे लग्न करून राजघराण्यात आले त्यांची. युलियानाच्या (विल्हेल्मिनाची मुलगी, तिच्यानंतरची राणी) मुलींना लिपेचं गुलाब, कारण वडील बर्नहार्ड लिपे-बिस्टरफेल्ड घराण्यातले. बेआट्रिक्सच्या (युलियानाची मुलगी, तिच्यानंतरची राणी) मुलांना किल्ला, तो तिचा नवरा क्लाउस फॉन आम्सबर्गकडून आला.

जुनी_वही
वरच्याला जोड देतो. हीच गोष्ट त्यांच्या कुलचिन्हात अजून स्पष्ट दिसते. ढालीचे चार भाग, दोनात सिंह दोनात शिंग, आणि बरोब्बर मधे छोटी ढाल, ती बाहेरून आलेल्या पालकाची. युलियानाच्या मधल्या ढालीत काळ्या बैलाचं डोकं होतं, वडील हेंड्रिक मेक्लेनबर्गचे म्हणून. आत्ताच्या राजाची थोरली मुलगी आमालिया आणि तिच्या बहिणींच्या ढालीत आई मॅक्सिमाच्या झोरेगिएता घराण्याचा किल्ला आहे. अर्जेंटिनातल्या कुटुंबाचा किल्ला डच सिंहांच्या मधोमध! मधली छोटी ढाल बघितली की कोण कुणाचं ते न विचारता कळतं, लेबल वाचायची गरजच नाही.

शिंगाचं म्हणशील तर ते डच नाहीच मुळात. ऑरेंज हे दक्षिण फ्रान्समधलं गाव, पूर्वी तिथे वेगळं छोटं संस्थान होतं आणि सोनेरी ढालीवर निळं शिंग ही त्याची खूण. शार्लमेनच्या काळातल्या गियोम नावाच्या सरदाराशी लोक ते जोडतात, दंतकथाच आहे ती. खरा मुद्दा 1544 चा. ऑरेंजचा राजपुत्र रेने लढाईत गेला, त्याला वारस नव्हता, म्हणून सगळं चुलतभावाकडे आलं, म्हणजे नासाऊच्या विलेमकडे, तेव्हा पोरगा 11 वर्षांचा. पुढे स्पेनविरुद्धच्या बंडाचा नेता झाला तो हाच. 1713 मध्ये गाव कायमचं फ्रान्सकडे गेलं पण शिंग आणि किताब सोडला नाही यांनी, आजही गादीच्या वारसाला ऑरेंजचा प्रिन्स किंवा प्रिन्सेस म्हणतात. ढालीखालचं ते फ्रेंच वाक्य, मी टिकवून ठेवीन, ते पण त्याच वारशातून आलेलं.

सरळमार्गी
एवढं खोलात कशाला, डचांचा मूळ झेंडाच केशरी-पांढरा-निळा होता की, म्हणून राजाचा केशरी. विषय संपला.

ढाल_तलवार
@सरळमार्गी नाही रे, उलटं आहे. बंडाच्या वेळचा तो झेंडा विलेमच्या रंगांवरून आला, म्हणून तर त्याला प्रिन्सचा झेंडा म्हणायचे. नंतर केशरीच्या जागी लाल आला, आणि 1937 मध्ये विल्हेल्मिनाने एका ओळीचा हुकूम काढून लाल-पांढरा-निळा पक्का केला. त्यावेळी तिथले नाझीवाले केशरी-पांढरा-निळा मिरवत होते, त्यामुळे आजही तो झेंडा कुणी लावला की वाद होतो. राजाच्या निशाणाशी त्याचा घोळ घालू नकोस.

कुतूहल_म्हणे
मस्त माहिती, धन्यवाद दोघांना. मग बेआट्रिक्सचं काय झालं? ती राणी होती ना, आता कुठला झेंडा? आणि ती पट्टी राहिली.

जुनी_वही
30 एप्रिल 2013 ला तिने गादी सोडली त्या दिवसापासून ती परत प्रिन्सेस बेआट्रिक्स, आणि झेंडाही प्रिन्सेसचाच, गुलाबवाला. राजाचं निशाण गादीवर बसलेल्याचंच, माजी वगैरे भानगड नाही. ब्रिटनमध्ये गादी बहुतेक मरेपर्यंत सुटत नाही म्हणून असले प्रश्न पडत नाहीत, डचांकडे विल्हेल्मिना, युलियाना, बेआट्रिक्स तिघी लागोपाठ पायउतार झाल्या.

पट्टी पर्सनल अजिबात नाही, ती कुणीही लावू शकतं. राष्ट्रध्वजाच्या वर लावायची आणि फक्त राजघराण्याच्या ठरलेल्या वाढदिवसांना: राजाचा 27 एप्रिल, मॅक्सिमाचा 17 मे, आमालियाचा 7 डिसेंबर, बेआट्रिक्सचा 31 जानेवारी. 5 मेच्या मुक्तिदिनाला झेंडे असतात पण पट्टी नसते. 27 एप्रिल रविवारी आला तर सगळं एक दिवस आधी, 26 ला. फोटोची तारीख काय आहे ती बघ.