विषय: ताशी ७५ डॉलर घ्यावेत की आहे तो पगार बरा?

नमस्कार मंडळी,

सध्या अमेरिकेत डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनीत पगारी नोकर म्हणून, वर्षाला १ लाख २० हजार डॉलर पगार आहे, ४०१-के मध्ये (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात) कंपनी पगाराच्या ४ टक्के घालते. आता एका ओळखीच्या क्लायंटने १०९९ वर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, ताशी ७५ डॉलर देऊ केलेत. वर्षाच्या २०८० तासांनी (५२ आठवडे, आठवड्याला ४० तास) गुणलं तर १ लाख ५६ हजार, म्हणजे ३६ हजार जास्त. घरचे म्हणतात, विचार कसला करतोस? पण हातात नक्की किती पडतील? ग्रीन कार्ड आहे. घरात आम्ही तिघं, आरोग्य विमा माझ्या नोकरीचा.

उत्तर १:

आधी ते २०८० सोडा. तो रिक्रूटर लोकांचा लाडका आकडा. १०९९ वर भरपगारी रजा नाही, सणाची सुट्टीही तुमच्याच खिशातून. रजा, सुट्ट्या, आजारपण मिळून सहा आठवडे वजा करा. उरले १८४० तास, म्हणजे १ लाख ३८ हजार. ३६ चे १८ इथेच झाले.

आता सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स. नोकरीत सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरपोटी (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) तुमचे ७.६५ टक्के कापतात आणि तेवढेच कंपनी वेगळे भरते. ते पगाराच्या आकड्यात धरलेले नसतात, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाहीत. १०९९ वर दोन्ही वाटे तुमच्याच गळ्यात: निव्वळ कमाईच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के. तुमच्या बाबतीत साधारण १९,५००. आज जातात ९,१८०. झाले १०,३०० कमी. कंपनीचे ४०१-के चे ४,८०० गेले. हिशेबात उरले २,९००!

इन्कम टॅक्समध्ये थोडी भरपाई होते. त्या १९,५०० च्या निम्म्याची वजावट मिळते, शिवाय धंद्याच्या उत्पन्नावरची २० टक्क्यांची. सगळं धरून दोन-चार हजार वाचावेत. नेमका आकडा तुमचा सीपीए (म्हणजे इथला सीए) सांगेल. पण एवढ्यात तिघांचा वर्षाचा विमा विकत घेऊन दाखवा.

म्हणून माझा उलटा प्रश्न: वहिनींच्या नोकरीतून विमा मिळतो का? मिळत असेल तर ७५ चा विचार करायला हरकत नाही. नसेल तर ९० च्या खाली बोलणीच करू नका.

आणि चेक आला की ३० टक्के लगेच दुसऱ्या खात्यात टाका. १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी या तारखांना टॅक्स आपला आपण भरायचा असतो. नाही भरला तर वर दंड.

उत्तर २:

दादांचा हिशेब पटला. फक्त एच-१बी वर असलेल्यांनी हे वाचून हुरळून जाऊ नये. तो व्हिसा मालकाशी बांधलेला असतो, १०९९ वर बाहेरचं काम त्यात बसत नाही, 'फक्त शनिवार-रविवार' असलं तरी.

दुसरं, इन्व्हॉइस पाठवल्यावर पैसे किती दिवसांनी देणार ते करारात लिहून घ्या. ३० दिवस असतील तर पहिला महिना काम करायचं आणि दुसरा महिना वाट बघायची. तोवर घराचा हप्ता कुठून भरणार, ते आधी ठरवा. काम मध्येच थांबलं तर नोकरदारासारखा बेकारी भत्ताही सहसा मिळत नाही.

उत्तर ३ (मूळ प्रश्नकर्ता):

दोघांचेही आभार, डोकं ठिकाणावर आलं. बायको शाळेत नोकरीला आहे, विमा मिळतो, पण आजवर घेतलाच नव्हता. माझी नोकरी सुटली की ३० दिवसांच्या आत तिघांची नावं तिथे घालता येतील म्हणे. कुटुंबाचा प्लॅन घेतला तर तिच्या पगारातून दरमहा किती कापतील, ते ती उद्या एचआरला विचारणार आहे. क्लायंटला मी तोवर ८५ कळवलेत. 'बघतो' म्हणालाय.