मदत हवी आहे: वेबसाईटचे रंग डोळ्यांत खुपतायत, कोणते घेऊ?

तिरकीट:
वहिनींच्या साड्यांची साईट करतोय. रंगचक्रावर समोरासमोर असलेले रंग एकमेकांना खुलवतात असं वाचलं, म्हणून लाल आणि हिरवा घेतले. वहिनी म्हणतात अक्षरं थरथरतात, बघवत नाही. लालचा विटकरी केला, तरी तेच. जोडी तर नियमाप्रमाणे आहे! मग कोणते रंग घेऊ? दसऱ्याआधी चालू करायचीय, प्लीज लवकर सांगा.

रानवेली:
लाल कुठे आणि हिरवा कुठे वापरलायस? स्क्रीनशॉट टाक ना.

जुना_कुंचला:
जोडी बरोबरच आहे. मी दुकानांच्या पाट्या रंगवत आलोय, लाल-हिरव्याने मला कधी दगा दिला नाही. चुकतंय ते प्रमाण. जास्वंदीचं झुडूप बघ, हिरवं किती आणि लाल किती! दोन्ही रंग निम्मे-निम्मे घेतलेस की भांडणारच. एकाला मोठा कर, दुसरा चिमूटभर ठेव.

पिक्सेलपंत:
काका, पाटीच्या चक्राचे मूळ रंग लाल-पिवळा-निळा, स्क्रीनच्या चक्राचे लाल-हिरवा-निळा. स्क्रीनवर लाल ० अंशावर, हिरवा १२० वर, निळा २४० वर. म्हणजे लालच्या समोर १८० वर सायन, म्हणजे हिरवट निळा येतो, हिरवा नाही. जोडीच चुकलीय.

जुना_कुंचला:
सायन घेऊन अक्षरं थरथरायची थांबतील का? लालवर तोही तितकाच भडक. डोळा पाटीवर आणि फोनवर वेगवेगळा नसतो.

तिरकीट:
भांडू नका हो. स्क्रीनशॉट फोनवरून चढत नाहीये. अख्खं पान लाल, त्यावर किमती आणि बटणांची अक्षरं हिरवी. ० ते २५५ च्या मापात पानाच्या रंगात लाल २५५, अक्षरांच्या रंगात हिरवा १२८, दोन्हींत बाकी शून्य.

पिक्सेलपंत:
मग दुखणं कळलं. तुझा लाल आणि तुझा हिरवा उजेडाला जवळपास सारखे आहेत. या जोडीचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे दोन रंगांच्या उजेडातल्या फरकाचं माप, जेमतेम १.३ भरतं. वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची नियमावली आहे, तिचा निकष साध्या मजकुराला ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ मागतो, काळ्यावर पांढरं २१ असतं. अक्षराची कड डोळ्याला मुख्यतः उजेडातल्या फरकावरून कळते, तो इथे नाहीच. विटकरी केलास तेव्हा फक्त रंगछटा हलली, उजेडाचं अंतर वाढलं नाही. फोन कृष्णधवल करून पान उघड, किमती गायब होतील.

मध्यरात्र:
तू वर्डप्रेसवर आहेस का? तसं असेल तर थीमच बदल. आणि होस्टिंग वर्षाचं एकदम घे, स्वस्त पडतं.

रानवेली:
त्याने होस्टिंग विचारलेलं नाही. तिरकीट, साड्यांचे फोटोही त्याच लालवर आहेत का? आणि साडी शिल्लक आहे की संपली, ते कसं दाखवतोस?

तिरकीट:
फोटो लालवरच. शिल्लक असेल तर हिरवा ठिपका, संपली तर लाल. हां, आणि एक सांगायचं राहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली होती, तर दोघी म्हणाल्या राखाडी इरकल हिरवट दिसते. प्रत्यक्षात ती स्वच्छ राखाडी आहे.

रानवेली:
हे आधी सांगायचंस! लालच्या शेजारी राखाडी हिरवटच भासतो. पॅरिसच्या गोबेलँ या विणलेले चित्रपट बनवणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांना आढळलं की रंगात खोट नाही, शेजारचे धागे काळ्याला बिघडवतायत. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच काढला. तुझा मालच रंगीत आहे, तेव्हा त्याच्यामागे पांढरा किंवा अगदी फिका राखाडी ठेव. आणि ठिपक्याशेजारी ‘शिल्लक’, ‘संपली’ असे शब्द लिही. लाल-हिरवा वेगळा न दिसणारे लोक असतात, पुरुषांत जास्त.

पिक्सेलपंत:
मला ट्यूबलाइटचा संशय आहे. तिच्याखाली काढलेल्या फोटोला हिरवट झाक येते, पार्श्वभूमी पांढरी केली तरी ती राहील.

रानवेली:
वाद कशाला, तोच फोटो दोन्हींवर ठेवून बघू दे. पांढऱ्यावरही हिरवट दिसला तर तुमचं खरं.

तिरकीट:
पांढऱ्यावर राखाडीच दिसतेय! किमती काळ्या केल्या, त्याही वाचता येतात. पण वहिनींना लाल हवाच आहे.

जुना_कुंचला:
मग वरच्या पट्टीत ठेव, डाळिंबी करून. बाकी पान मोकळं सोड.

पिक्सेलपंत:
काकांशी सहमत. लाल १२८, बाकी शून्य, त्यावर पांढरी अक्षरं, गुणोत्तर ११ च्या जवळ जातं. तुझ्या आधीच्या लालवर पांढरं जेमतेम ४ होतं.

मध्यरात्र:
इरकल नऊवारीत मिळेल का? आईला हवी आहे.

तिरकीट:
मिळेल, काठ कोणता हवा ते व्यक्तिगत निरोपात कळवा. पिक्सेलपंत, बटणं हिरवीच ठेवू का? पांढऱ्यावर हा हिरवा चालेल?

पिक्सेलपंत:
चालेल, ५ च्या वर जातो. पण फक्त ‘मागवा’ बटणालाच दे, सगळ्यांना नको.