अनुभव धागा: नेमाच्या बाहेरचं

धर्मानं सांगितलेलं आपण सगळेच करतो. उपास, जकात, परडीत जोगवा. त्याच्यापलीकडचं, कुणी मागितलंही नसतं असं काही केलं किंवा पाहिलं असेल तर लिहा. देवळाच्या देणगीचं नको, त्याची फरशी भिंतीत बसवलेली असतेच.

सुरुवात माझी. ऑगस्ट २०१९. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर चढलं, पुणे-बेंगळुरू रस्ता बंद. ट्रकांची रांग लागली तशी आजी भाकऱ्या बडवायला बसली. एका तमिळ ड्रायव्हरनं खुणेनं कांदा मागितला. चातुर्मासात आमच्या घरात कांदा उंबरा ओलांडत नाही. आजीनं मला शेजारी पिटाळून चार कांदे आणवले आणि चुलीपुढंच बुक्कीनं फोडले. रात्री तिनं चूल सारवून घेतली, हेही सांगतो. सकाळी पुन्हा कांदे आणायला मीच.
(निपाणी)

आमची बकरी ईद त्याच पुरात आली, १२ ऑगस्टला. कुर्बानी वाजिब, म्हणजे करावीच लागते, ती एका बकऱ्यावर भागते. अब्बांनी दोन पाळलेले. दुसरा विकला आणि शाळेत उतरलेल्या पूरग्रस्तांना चटया, चादरी घेतल्या. मी म्हणालो, हे जकातीत धरूया. अब्बा म्हणाले, "जकात अडीच टक्के, ती रमजानात दिली. ह्याचा हिशेब कशाला करालायस?"
(संकेश्वर)

आम्ही जैन. दिवस मावळला की चूल बंद. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई रात्री खोपीत बाळंत झाली, तेव्हा आईनं दहा वाजता चूल पेटवून मऊ भात शिजवला. स्वतः मात्र सकाळपर्यंत पाणीसुद्धा प्यायली नाही.
(बोरगाव)

सगळे नेम मोडल्याच्याच गोष्टी सांगालेत की! नेम पाळून जास्तीचं कुणी काही केलंच नाही काय?
(शहापूर, बेळगाव)

केलंय की. आमच्या गल्लीत सौंदत्तीच्या यल्लम्माची एक जोगतीण मंगळवारी, शुक्रवारी यायची. मुलींना देवाला सोडण्यावर १९८२च्या कायद्यानं बंदी आली, पण ही त्याच्या कितीतरी आधी सोडलेली. परडीत मूठभर जोंधळे घालायचे, भंडारा लावून घ्यायचा, दार ओढायचं, ही रीत. तिला 'बस' म्हणायची रीत नव्हती. एका शुक्रवारी जोगवा घालताना आईचं लक्ष तिच्या टाचांकडं गेलं. भेगांतून रक्त आलेलं, त्यात रस्त्याची खडी रुतलेली. आईनं तिला कट्ट्यावर बसवलं, घमेल्यात कोमट पाणी आणलं, सेफ्टी पिनेनं एकेक खडा काढला आणि कोकमाचं तेल गरम करून भेगांत भरलं. बाई कानडीत सारखं "बेड अव्वा, बेड" (नको आई, नको) म्हणत पाय मागं घेत होती. आईला कानडी नीट येत नाही. तिला बहुतेक वाटलं, तेल चटका द्यालंय. ती फुंकर घालत राहिली.

शेजारच्या काकूंनी नंतर विचारलं, देवीच्या बाईचे पाय धुतलेस, काही नवस होता काय? आई म्हणाली, छे, घाण भेगा होत्या.
(वडगाव, बेळगाव)

मी उलटं लिहितो. २०२०चं लॉकडाऊन, गोव्याकडून माणसं चालत येत होती. विजापूर, बागलकोटकडची मजूर मंडळी, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. दर वर्षी गावच्या सप्ताहात माझ्याकडून एक पोतं तांदूळ असतो. त्या दुपारी मात्र एका बाईनं गेटपाशी पाणी मागितलं आणि मी आतून कडी लावली. भीती होती, खोटं कशाला बोलू. बायको माझ्याशी एक शब्द न बोलता गच्चीवर गेली आणि सुंभानं बाटली बांधून खाली सोडली. अकरा वेळा भरून सोडली, मी जिन्यात बसून मोजत होतो. शेवटी बाटली वर आली ती झाकण घट्ट लावून, बाहेरून पुसून.
(खानापूर)