मदत हवी आहे : सहा वर्षं चाललेल्या सेलच्या घड्याळाला वाचवायचंय

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमच्या देवघरासमोर एक साधं प्लॅस्टिकचं भिंतीवरचं घड्याळ आहे, मेन रोडवरून घेतलेलं. वडील सेल बदलला की त्यावर बॉलपेनने तारीख लिहायचे. परवा घड्याळ काढलं तर पेन्सिल सेलवर त्यांच्या अक्षरात ‘१२ मे २०१९’! वडील आता नाहीत, आणि घड्याळ अजून सेकंदही न चुकता चाललंय.

क्वार्ट्झ घड्याळाला वीज नावापुरतीच लागते, हे माहीत होतं. तरी एका दीड व्होल्टच्या सेलवर इतकी वर्षं?

अडचण अशी की स्प्रिंगवर पांढरट-हिरवट भुकटी जमलीय. सेल अल्कलाइन असेल तर व्हिनेगरने पुसतात, कारण गळणारं द्रव्य क्षारीय असतं. पण साध्या झिंक-कार्बन सेलचं द्रव्य आम्लधर्मी, तिथे व्हिनेगर उपयोगाचं नाही. सेलचं वेष्टन इतकं विटलंय की प्रकार वाचता येत नाही. अशा वेळी सुरुवात कशाने करावी? आणि स्प्रिंग तुटलीच, तर रविवार कारंजा किंवा शालिमारकडे फक्त मशीन बदलून देणारं कुणी आहे का? काटे आणि तबकडी मला तीच हवी आहे.

तो सेल मी जपून ठेवणार आहे, डबीत, घड्याळापासून लांब.