सेन्सर नोडने सिग्नल जागच्या जागी गाळावा, की कच्चाच पाठवावा?

बिनतारी :
माझं मत स्पष्ट आहे. बॅटरीवर चालणाऱ्या नोडने, म्हणजे मोजमाप करून ते रेडिओवरून कळवणाऱ्या छोट्या यंत्राने, कच्चा सिग्नल पाठवूच नये. टीमोट स्काय या नोडचा हिशोब बघा. त्यातला एमएसपी430 प्रोसेसर जागा असताना साधारण 2 मिलिअँपिअर खातो. सीसी2420 रेडिओ पाठवताना 17.4 खातो आणि नुसतं ऐकताना 18.8, म्हणजे गप्प ऐकत बसणंसुद्धा बोलण्यापेक्षा महाग! मग गणित नोडवरच उरकलेलं बरं.

इक्वेडोरमधल्या रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर 2005 साली हार्वर्डच्या गटाने 16 नोड लावले होते. प्रत्येक नोड भूकंपलहरी आणि आवाज सेकंदाला 100 वेळा मोजायचा. गेल्या काही क्षणांची सरासरी लांब पल्ल्याच्या सरासरीपेक्षा बरीच वर गेली की नोड 'काहीतरी घडलं' असं कळवायचा. 30 टक्क्यांहून जास्त नोडनी तसं कळवलं, तरच बेस स्टेशन, म्हणजे सगळ्या नोडचा डेटा गोळा करणारं केंद्र, डेटा मागवायचं. 19 दिवसांत 229 घटना हाती लागल्या. अजून काय हवं?

भूलहरी :
हाती लागल्या त्या मोजल्यात, निसटलेल्यांचं काय? नोड डेटा उतरवून देत असताना त्याचं मोजणं बंद असायचं. पाठोपाठ दोन स्फोट झाले की दुसरा गेला. शिवाय सरासऱ्यांच्या या पद्धतीला अचानक बसलेला धक्का चटकन कळतो, पण हळूहळू चढत जाणारी थरथर लांब पल्ल्याच्या सरासरीतच मुरून जाते. ज्वालामुखीच्या अभ्यासकाला ती थरथर फार मोलाची असते. नोडने एकदा टाकून दिलेलं परत आणणार कुठून?

बिनतारी :
मोजणं बंद पडायचं ते हार्डवेअरच्या मर्यादेमुळे. त्याचं खापर गाळण्यावर का फोडता? आणि सगळंच पाठवायचं तर 24 बिटांचे दोन चॅनल (लहरी आणि आवाज), 100 हर्ट्झ, म्हणजे एका नोडचे सेकंदाला 4.8 किलोबिट आणि सोळांचे 77च्या आसपास. रेडिओचा वेग कागदावर 250 आहे खरा, पण नोड 3 किलोमीटरवर पसरलेले, आणि पॅकेट एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे द्यायचं. त्यातलं हाताला किती उरतं?

मधलीवाट :
न पाठवणं म्हणजे टाकून देणं, असं दोघंही धरून चाललाय. याच गटाने 2007 साली तुंगुराहुआ ज्वालामुखीवर वेगळी रचना केली. नोड सगळं स्वतःच्या फ्लॅश मेमरीत ठेवणार आणि रेडिओवरून फक्त त्रोटक सारांश धाडणार. कुठला तुकडा पूर्ण मागवायचा ते बेस स्टेशन ठरवणार, कारण सगळ्या नोडचं चित्र त्याच्याकडेच असतं. मला हे सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

भूलहरी :
पटतं, पण अर्धंच. फ्लॅश भरला की जुनं पुसलं जाणार. आणि सारांश नुसत्या कंपनांच्या जोराचा असेल, तर वारंवारतेतला बदल बेस स्टेशनला दिसणारच नाही. माझं म्हणणं असं, की सुरुवातीचे काही आठवडे मोठी बॅटरी आणि मेमरी कार्ड लावून सगळं कच्चं साठवा. त्या डोंगराचा स्वभाव कळू दे, मग ठरवा काय गाळायचं ते.

बिनतारी :
आणि ती कार्डं काढायला धगधगत्या डोंगरावर कोण चढणार? माणसाला तिथे पुन्हापुन्हा जावं लागू नये म्हणून तर हे जाळं लावायचं. वारंवारतेचा मुद्दा मात्र रास्त आहे. सारांशात वारंवारतेच्या चार-पाच पट्ट्यांची ऊर्जा वेगवेगळी घाला, तेवढं गणित त्या 2 मिलिअँपिअरमध्ये आरामात बसतं.